एक गुडघा गावाचा

"गुडघा माजा हाय, भावोजी!"

"तुजाच हाय गो, कोन नाय म्हनतो? पन तुज्या एकटीचा नाय."

"का? गावानं वर्गणी काढून बसवलाय माज्या पायात? जन्माला येताना आनलेत मी दोन्ही."

"तवा मुके व्हते ते. बोलायला लागले ते आमच्या गावात येऊन."

"बोलत नायत ते, ठनकतात! एक रात तुमच्या पायात लावून देतंय, मंग बघा काय काय बोलतात ते."

"दुखत नाय असा मी कुठं म्हनतो? दुखू दे की! आमी काय कमी करतो तुजा? परवा रशीदनं सुकट पाठवलान ती कोनाकडं बघून? गुडघ्याकडं बघूनच ना?"

"मंग सुकट गुडघ्यालाच भरवा!"

हे चाललं होतं गंगाकाकीच्या पडवीवर, गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता अशा एका सकाळी. काकी खांबाला पाठ टेकून, पाय पुढं लांब सोडून बसलेली. मांडीवर ताट, ताटात तवशाच्या, म्हणजे जून काकडीच्या, फोडी, हातात सुरी. महिपत खाली खळ्यात उभा, मिटलेली छत्री पाठीमागं आडवी धरून. महिपत म्हणजे काकीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ आणि गावकीचा गावकार. गावात काहीही ठरलं की "ठरला" असं शेवटी म्हणायचं काम त्याचं. काकीचा नवरा काशीराम मुंबईला एका गोदामात कामाला. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, आणि काही वाद निघाला की "महिपतला विचार" म्हणून पान लावायला बसायचा.

आदल्या दिवशी काकीनं विहिरीवर जाहीर केलं होतं, की ती रत्नागिरीला हाडांच्या डॉक्टरकडे जाणार आणि गुडघ्यात सुई मारून घेणार. कसली सुई, तर कॉर्टिझोनची. हा शब्द तिच्या सावर्ड्याच्या बहिणीनं, सगुणानं आणला होता. सगुणाचा खांदा धरलेला होता, वेणी घालायला शेजारीण लागायची. तो खांदा सुईनं सुटला. आणि मग गणपतीला आली तेव्हा बाई येता-जाता हात वर करत होती. आरतीला हात वर, जेवायला बसताना हात वर, म्हशीला हाकलताना हात वर. कोणी काही विचारलेलं नसताना, "बघ, जातो ना?" सगळे दिवस तो हात वरखाली होताना बघून काकीनं मनाशी पक्कं करून टाकलं.

आता एका बाईनं गुडघ्यात सुई मारली तर गावाचं काय जातं? आमच्या गावाचं पुष्कळ जात होतं. काकीचे गुडघे पाऊस सांगायचे.

गुडघे दुखून पाऊस सांगणारी माणसं दर गावात असतात. पण ती आपली "येईलसा वाटतोय" म्हणून थांबतात. काकीच्या गुडघ्यांनी कामं वाटून घेतली होती. डावा दर्याकडचा, उजवा घाटाकडचा. डाव्यात ठणका लागला की खाडीवरून सर येणार. उजव्यात टोचायला लागलं की दुपारनंतर डोंगराकडून गडगडत येणार. दोघं गप्प, तर कोरडं. महिपतचा विश्वास बसला तो त्याच्या मुलीच्या लग्नात. वैशाखातलं लखलखीत ऊन, आणि काकी म्हणाली, "मांडवावर ताडपत्री टाका." महिपत हसला. मंगलाष्टकं संपायच्या आत असा कोसळला, की नवरदेवाच्या फेट्याचा रंग त्याच्या तोंडावर उतरला. फोटोत जावई अजून गुलाबी आहे.

तसा गावात रेडिओ होता. पण रेडिओ सगळ्या कोकणाचं एकदम सांगायचा आणि काकीचा गुडघा आमच्या वाडीपुरतं. रेडिओवरचं "तुरळक ठिकाणी" म्हणजे नक्की कोणाच्या खळ्यात, हे विचारायला लोक काकीच्या पडवीवर यायचे.

"काकी, डावा काय म्हनतो?"

"गप हाय."

"आनि उजवा?"

"जरा टोचतोय."

"जरा म्हंजे? सुईसारखा का काट्यासारखा?"

"सुईसारखा."

"मंग उडीद पसरतो, पन संगती गोनपाट ठेवतो."

असं पूर्ण निदान होऊन माणूस उठायचा. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला रशीद सुकी मासळी करायचा. त्याचं तर सगळं पोट उन्हावर. तो तरीच्या होडीतूनच हाक मारायचा, "गंगाबाय, बोंबील घालू का वालत?" आणि काकी पडवीवरून हात हलवायची. त्या हातावर मोहल्ल्यातल्या अख्ख्या वाळवणाचं भवितव्य ठरायचं. या सगळ्यात नाराज एकच माणूस, आत्माराम गुरव. पूर्वी कापणीच्या आधी लोक देवळात जाऊन देवाला कौल लावायचे. आत्माराम देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायचा, कुठली पडते ते बघून देवाचं म्हणणं सांगायचा, आणि नारळ देवळात राहायचा. अलीकडे नारळ काकीच्या पडवीवर राहायला लागले होते.

काकीला त्या नारळांचं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. यंदा आपलं भात आपल्या हातानं कापायचं. तिचा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, घराच्या पायथ्यालाच होता. पडवीवरून कणीस न् कणीस दिसे. लग्न होऊन आल्यापासून ते भात तिनं कापलेलं. ती कापायला बसली की दोन पाती पुढं जायची आणि मागं वळून बाकीच्यांना चिडवायची. पण दोन वर्षं झाली, तिला खाली बसताच येत नव्हतं. मग गावानं गुडघ्याची परतफेड म्हणून तिचं भात कापून द्यायला सुरुवात केली. ती परतफेड करायला यायचा बाबल्या आणि त्याची टोळी. अर्धी कणसं चिखलात, अर्धी भाऱ्यात, आणि मागं राहिलेला धस असा उंचसखल, की शेताची कोणीतरी दातांनी हजामत केली असावी. काकी वरून ओरडायची, "अरे मेल्या, खालून काप, खालून!" आणि बाबल्या खालून ओरडायचा, "काकी, तू गुडघा सांभाळ!"

"कापनी होऊ दे, मंग मार की सुई," महिपत खळ्यात छत्री टेकवून म्हणाला. "दिवाळीनंतर पाऊस नाय, काय नाय. तवा गुडघा आमाला तरी काय कामाचा?"

"आनि तवा मला तरी काय कामाचा? लोनचा घालू? कापनीसाठीच हवाय ना मला!"

"आमी देतो ना कापून!"

"भावोजी, तुमी कापलेल्या शेतात माजी म्हैस पाय टाकत नाय. लाजते ती."

महिपतला हे लागलं. बाबल्या त्याचा पुतण्या होता.

"असा काय? मंग बसवतो गावकी."

"बसवा! आनि गुडघ्यालाच बोलवा, मला नको!"

काकी हे रागानं बोलली होती. झालं मात्र अगदी तसंच.

गावकी बसली देवळाच्या सभामंडपात. आमच्याकडे गावकीत बायका बसत नाहीत. पण विषयच गुडघ्यांचा. ते समोर नसताना त्यांच्यावर निर्णय कसा करायचा, अशी शंका म्हाताऱ्या आप्पांनी काढली. बराच वेळ खल झाला. शेवटी असं निघालं, की काकीनं बाहेर पायरीवर बसावं आणि पाय उंबऱ्यावरून आत सोडावेत. बाई बाहेर, गुडघे आत. काकी तशी बसली. बसल्यावर तिनं लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं, त्यामुळं ज्यांच्यावर चर्चा होती ते कोणालाच दिसत नव्हते. आम्ही बायका-मुली तिच्या मागं पिंपळाच्या पारावर गर्दी करून.

आधी महिपत बोलला. गुडघा गावाला किती वर्षं आहे, त्यानं काय काय वाचवलं, कोणाचे उडीद, कोणाची लाकडं, कोणाचं लग्न. मग आत्माराम उठला आणि उपरण्यानं डोळे टिपत म्हणाला, "एक बाईमानूस दुखन्यानं तळमळताय, आनि आपन बसून मजा बघायची? देवाला हा बघवत नाय. मारू द्या तिला सुई. दोन्हीकडं मारू द्या!"

गुरवाला एवढी दया आलेली गावानं कधी पाहिली नव्हती.

"नारळ फिरला म्हनून पोटात दुखताय ह्याच्या," बाबल्या मागून म्हणाला.

"कोन रे तो? शंभर वर्सा ह्या गावात कौलावर कापनी झाली!"

"गेल्या साली तुज्या कौलावर माजे उडीद भिजले!"

"कौल बरोबर व्हता. तू चुकीच्या खळ्यात पसरलास."

एवढ्यात बाहेरून आवाज आला, "मी बोलू?"

"गावकीत बाईनं बोलायचा नाय, वैनी."

"मी गावकीत कुठं हाय? मी पायरीवर हाय. पायरीवरच्या बाईनं बोलू नये, असा कधी ठरवलात तुमी?"

महिपतनं आप्पांकडे पाहिलं. असं कधीच ठरलं नव्हतं.

"तुमचा पाऊस मी दोन वर्सा माज्या हाडात साठवतंय," काकी म्हणाली. तिची पाठ आमच्याकडे होती, पण मान ताठ होती. "कोनाला नाय म्हनला नाय. मला कायएक नको. नारळ नको, सुकट नको. यंदा मला माजा भात कापायचा हाय. बसून. बस, एवढाच."

रशीद, जो मासळीच्या बाजूनं पाहुणा म्हणून खांबाशी उभा होता, तो टोपी काढून पुन्हा घालत राहिला. मग आप्पा खाकरले.

"गुडघे किती?"

"किती म्हंजे? दोन."

"मंग भांडान कसला करता, मेल्यांनो? एक तिचा, एक गावाचा."

वा वा झाली. माना हलल्या. मग कुठला कोणाचा यावरून पुन्हा भांडण. महिपतला डावा हवा होता, कारण तो मोठा पाऊस सांगतो. रशीद म्हणाला, "महिपतभाय, आता दिवस परतीच्या पावसाचे. तो घाटावरनं येतो. तुमी उजवा घ्या, तोच कामाचा." महिपतनं विचार करून उजवा घेतला. काकी लगेच म्हणाली, "चालेल."

इतकं लगेच, की महिपतच्या मनात पाल चुकचुकली.

"सुई मारायला मी येतो संगती," तो म्हणाला. "ठरला."

रशीदचा टेम्पो शनिवारी मासळी घेऊन रत्नागिरीला जायचा. काकी पुढं बसली. मागं बोंबलांच्या गोण्यांवर महिपत आणि आत्माराम. महिपत गावाच्या गुडघ्यावर लक्ष ठेवायला, आणि आत्माराम महिपतवर. दवाखान्यात ते तिघं आत शिरले आणि बाकावरचे दोन पेशंट आपण होऊन उठून खिडकीशी गेले, त्यामुळं बसायला छान जागा मिळाली.

डॉक्टर तरुण होता, पुण्याला शिकून नुकताच आलेला. टेबलावर प्लॅस्टिकचा एक गुडघा ठेवलेला, उघडमीट होणारा. महिपतनं तो उचलून दोनदा वाकवून बघितला.

"हा बोलतो का?"

"काय?" डॉक्टर म्हणाला. "ठेवा ते खाली. पेशंट कोण?"

"ही. पन गुडघा कुठला ते मी सांगनार."

डॉक्टरनं काकीला झोपवून दोन्ही पाय दाबून, वाकवून पाहिले. गुडघे कुरकुर वाजले. साखर आहे का, तापबिप येतो का, कुठं जखम आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाला, "दोन्ही सांधे झिजलेत, आजी. सूजही आहे. दोन्हींत देऊन टाकू."

"एकच!" महिपत म्हणाला.

"दोन्ही!" आत्माराम म्हणाला.

"तुम्ही कोण यांचे?"

"मी दीर."

"आणि तुम्ही?"

"मी गुरव."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला.

"साहेब, ठराव झालाय गावकीचा," महिपत समजावून सांगू लागला. "डावा हिचा, उजवा गावाचा. डाव्यात तुमाला काय पायजे ते घाला. उजव्याला हात लावायचा नाय."

"उजवा गुडघा गावाला कशाला हवाय?"

"पाऊस सांगतो."

डॉक्टर प्लॅस्टिकच्या गुडघ्याकडे पाहत राहिला. पुण्याला हे शिकवलेलं नसावं. मग म्हणाला, "सिस्टर, या दोघांना बाहेर बसवा."

पुढचा प्रवेश पडद्याआडचा. काकी तो नंतर आम्हाला सगळ्यांचे आवाज काढून करून दाखवायची. पडदा हिरवा होता आणि कापडाचाच. त्यामुळं बाहेर बाकावर महिपत कान लावून बसला. त्याचा हिशेब सोपा होता. एक सुई, एक बोंब.

आत डॉक्टर सांगत होता, "पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढतं कधी कधी. घाबरायचं नाही. पाय चालवायचे नाहीत. मग उतरेल. पण हे कायमचं नाही हं आजी. काही महिने आराम पडेल."

"मला कापनीपुरता पायजे."

डाव्यात सुई गेली.

"आई गंऽऽऽ!"

बाहेर कोणाचं तरी तान्हं मूल दचकून रडायला लागलं. "झाला," महिपत समाधानानं म्हणाला. "डावा झाला."

आत काकीनं डॉक्टरची बाही धरून खाली ओढली. "डॉक्टर," ती कुजबुजली, "आता दुसऱ्यात."

"पण ते बाहेरचे..."

"ते बाहेर हायत ना? आत तुमी नि मी. गुडघा मी आनलाय का त्यांनी?"

"तुम्ही ओरडाल."

"नाय ओरडत."

काकीनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि सिस्टरचा हात घट्ट धरला. सुई गेली. काकीच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. ओरडली सिस्टर. भात कापणारा हात होता तो.

बाहेर महिपत ताडकन उठला. "दुसरी बोंब!"

"हा आवाज वैनीचा नाय," आत्माराम म्हणाला. "हा सिस्टरचा."

महिपतनं नीट आठवून पाहिलं. खरंच काकीचा नव्हता. "बिचारीला ह्या वयात गुडघेदुखी," असं म्हणून तो परत बसला.

संध्याकाळी टेम्पोतून उतरताना काकी उजव्या पायानं लंगडली. गाव बघतच होतं. गावाचा गुडघा शाबूत आहे, हे सगळ्यांना पटलं.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काकीच्या घरातून जो आवाज निघाला, त्यानं कोंबड्यांनी आरवणं थांबवलं.

"आयायायायी! मेले गो मेलेऽऽ!"

डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे दुखणं वाढलं होतं. दोन्हीकडं. महिपत धोतर सावरत धावत आला.

"वैनी, डावा दुखतोय का?"

"दोन... डावा! डावा!"

"आनि गावाचा?"

खोटं बोलायचं तिच्या मनात होतं. पण नेमकी त्याच क्षणी उजव्यात अशी कळ गेली, की तिच्या तोंडून खरंच निघालं. "अवो, असा ह्या जन्मात दुखला नव्हता!"

महिपत पांढरा पडला. बाहेर येऊन त्यानं छत्री आकाशाकडे केली आणि ओरडला, "वादळ! मोठा वादळ येताय! कौलां बांधा!"

त्यानंतर गावानं जे काम केलं, तसं देवाच्या जत्रेलाही करत नाही. कौलांवर दगड चढले. गुरं गोठ्यात गेली. गवत माळ्यावर गेलं. बाबल्यानं पाखाडीच्या पायऱ्यांवर वाळत टाकलेली चड्डीसुद्धा आत नेली. खाडीपलीकडे रशीदनं होड्या वर ओढून माडांना बांधल्या आणि सगळं वाळवण उचलून घरात भरलं. दुपारपर्यंत गाव दारं लावून बसलं.

ऊन पडलं होतं. साधंसुधं नाही, कातळ तापून वर हवा थरथरावी असं. आकाशात एक कावळा होता, तोही सावलीला गेला.

काकीला आतून शरम वाटत होती, पण सांगायची पंचाईत. सांगितलं तर दुसरी सुई बाहेर येते.

"भावोजी, उतार पडतोय हां आता," ती म्हणाली.

"दम धरतोय तो, वैनी. मोठा असला की असाच दम धरतो."

दुसऱ्या दिवशीही गाव दारं लावून. संध्याकाळी रशीदची बायको शरीफा होडीतून आली, पदर नाकाला लावून. "गंगाबाय, तुज्या गुडघ्यापायी बोंबील माज्या पलंगावर झोपल्यात आनि मी पडवीत! पाऊस कवा येनार ता तरी सांग, नायतर तू ये आनि त्यांच्या बाजूला झोप!"

तिसऱ्या दिवशी काकी उठली आणि चुलीपुढं बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण बसलो. खांब न धरता, हात न टेकता. ती उठली. परत बसली. मग घरामागं केळींच्या आड जाऊन, कोणी बघत नाही अशी खात्री करून, पुन्हा उठाबशा काढल्या. म्हैस बघत होती. "कोनाला बोलू नको," काकीनं तिला बजावलं.

इकडे आत्माराम गावभर हसत फिरत होता. "सुई मारली डाव्यात, येड लागला उजव्याला!" गाव महिपतवर उखडलं. पण त्याच दिवशी चिपळूणहून आलेला बाबल्याचा मेहुणा बोलता बोलता म्हणाला, की काल तिकडे दुपारी मोठी सर येऊन गेली.

महिपतनं मांडीवर थाप मारली.

"बघा! ह्याला म्हनतात गुडघा! अरे, एक बंद केला तर त्याची सगळी ताकद दुसऱ्यात गेली. आता तो चिपळूनपावतर सांगतो. आपलीच चूक. वैनीला इचारायला पायजे व्हता, दुखताय तो कुठल्या गावचा!"

गावाला हे पटलं. काकीचं काम अवघड झालं. आधी गुडघा नुसता वाडीचा होता, आता तालुक्यापलीकडचा झाला. आणि तो तर बिलकूल गप्प होता. शिवाय चारचौघांत उजव्यानं लंगडायचं, हेही तिच्या लक्षात राहत नव्हतं.

"काकी, काल तू उजव्यानं लंगडत व्हतीस ना?" बाबल्या एकदा म्हणाला.

"मंग?"

"आज डाव्यानं लंगडतंस."

"आज गावाच्या गुडघ्याला सुट्टी हाय," काकी म्हणाली आणि घाईघाईनं घरात गेली. घाईत लंगडायचं राहूनच गेलं.

भात पिकलं. काकीचा कुणगा सगळ्यांच्या आधी पिवळा झाला, कणसं खाली वाकली. आणि एका सकाळी अख्खं गाव तिच्या खळ्यात जमलं. महिपत छत्री घेऊन, आत्माराम परडीत पाकळ्या घेऊन, रशीद, बाबल्या आणि त्याची टोळी विळे घेऊन. घाटाच्या अंगाला पांढरे ढग उभे होते. येणारे पण नव्हते, जाणारे पण नव्हते. कापलं आणि आला, तर भात शेतात कुजणार. नाही कापलं आणि नाही आला, तर दाणा गळणार.

काकी आतून आली. काष्टा घातलेला, डोक्याला फडकं बांधलेलं. पडवीच्या कडेला टेकली.

"वैनी," महिपत आदरानं म्हणाला, "गावाचा गुडघा काय म्हनतो?"

काकी ढगांकडे पाहत राहिली. कोरडं म्हणावं आणि पडला, तर सगळ्या गावाचं भात हिच्या एका शब्दावर भिजणार. पाऊस म्हणावं, तर हिचंही भात आज उभं राहणार. आणि खरं सांगावं, तर...

"टोचतोय का?" रशीदनं विचारलं.

"सुईसारखा का काट्यासारखा?"

"का चिपळूनचा दुखतोय?"

"कौल लावू का?" आत्मारामनं परडी पुढं केली. "आलोच हाय तर."

"गप रे तू! वैनी, घाई नाय. तू इचार करून सांग. तोवर तुजाच भात पैल्यांदा हातावेगळा करतो आमी. भिजला तर तुज्या एकटीचाच भिजेल, गावाला अंदाज येईल." महिपत वळला. "बाबल्या, उतर रे खाली. घे कापायला."

बाबल्या विळा खांद्यावर टाकून पाखाडीकडे निघाला.

काकी उठली.

खांब धरला नाही, हात टेकला नाही, "आई गं" नाही. एका झटक्यात सरळ उभी. वळचणीचा आपला विळा काढला. मग एकदा घाटाकडे पाहिलं आणि खुंटीवरचं पावसाचं इरलंही घेतलं. खळ्यातून अशी निघाली, की लोक आपोआप बाजूला झाले. बाबल्याला कोपरानं कडेला केलं आणि पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या उतरायला लागली, दोन-दोन एकदम.

"विळा घेतलान! कोरडा हाय, कोरडा!" कोणीतरी ओरडलं.

"अरे, इरला पन घेतलान ना!"

"मंग नक्की काय?"

महिपत मात्र इरल्याकडे बघत नव्हता. तो तिच्या पायांकडे बघत होता. डावा, उजवा, डावा, उजवा, दोघं सारखेच वाकत होते. त्याच्या तोंडाचा आ झाला. पडदा, बोंब, सिस्टर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"वैनी!" तो खळ्याच्या दगडी गडग्यावरून वाकून ओरडला. "अगो वैनी, गावाचा गुडघा कुठं हाय?"

काकीनं मागं पाहिलं नाही. बांध ओलांडला, इरलं डोक्यावर चढवलं, आणि पिवळ्या भातात अशी खाली बसली, की वरून नुसतं इरलं दिसत राहिलं. ते पुढं पुढं सरकत होतं.